१७५-१८ : एकतर्फी निकाल नेमकं काय मोजतो?

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. महिलांच्या गटात १९ संघ होते. आपल्या प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाला १७५-१८ असं हरवलं. मग इराण १००-१६, मलेशिया १००-२०. उपांत्यपूर्व फेरीत बांगलादेश १०९-१६, उपांत्य फेरीत दक्षिण आफ्रिका ६६-१६, आणि अंतिम सामन्यात नेपाळ ७८-४०.

आनंद झाला, होणारच. पण त्याच्या पाठोपाठ एक वाक्य कट्ट्यावर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ऐकू यायला लागलं : ‘याला काय विश्वचषक म्हणायचं? समोर कोणी नव्हतंच.’ तुम्ही खेळाशी संबंधित काही करणार असाल किंवा नसाल, हे वाक्य जरा थांबून बघा. कारण ते नुसतं मत नाही, दावा आहे. १७५-१८ हा आकडा पुरावा म्हणून पुढे केलाय आणि त्यावरून ‘हा खेळ अजून जागतिक नाही’ असा निष्कर्ष काढलाय. मधली पायरी कुठेय? आकड्यापासून निष्कर्षापर्यंत जाणारा जिना कोणी बांधलाच नाही. सिनॉप्सिस लिहिताना आपण नव्वद टक्के वेळा नेमकं हेच करतो, फक्त भाषा जड असते.

हा प्रश्न खो-खोच्या आधी दुसऱ्या एका महिला खेळाला विचारला गेला होता, आणि विचारणारा माणूस त्या खेळाला ऑलिम्पिकबाहेर काढण्याच्या ताकदीचा होता. तो खेळ म्हणजे आइस हॉकी. आज आपण खो-खो समजून घेण्यासाठी त्याच खेळाच्या आकड्यांवर हात साफ करू. तिथे निदान तीन-साडेतीन दशकांचा हिशेब उपलब्ध आहे. खो-खोचा आहे एका आठवड्याचा.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बर्फावर गोलकीपर धरून एका बाजूचे सहा जण, चेंडूऐवजी रबराची चकती, तिला पक म्हणतात. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. तोडीस तोड संघ असले तर निकाल ३-२, ४-१ असा लागतो. महिलांची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा मार्च १९९० मध्ये कॅनडातल्या ओटावात झाली. संघ आठ. यजमान कॅनडाने गटात स्वीडनला १५-१, पश्चिम जर्मनीला १७-०, जपानला १८-० हरवलं. आता कोणी म्हणेल, बघा, समोर कोणी नव्हतंच. पण त्याच स्पर्धेत उपांत्य फेरीत फिनलंडविरुद्ध हाच कॅनडा कसाबसा ६-५ ने सुटला, आणि अंतिम सामन्यात अमेरिकेला ५-२ हरवलं. एकाच आठवड्यात, त्याच मुलींनी, त्याच बर्फावर.

वीस वर्षांनी, फेब्रुवारी २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिम्पिकमध्ये कॅनडाने स्लोवाकियाला १८-० हरवलं. तेव्हा आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे अध्यक्ष असलेले जॅक रोग यांनी जाहीरपणे सांगितलं, की सुधारणा दिसली नाही तर हे असं चालू ठेवता येणार नाही. ही पोकळ धमकी नव्हती. महिलांचा सॉफ्टबॉल २००५ च्या मतदानात ऑलिम्पिकमधून वगळला गेला होता. २००४ च्या अथेन्समध्ये अमेरिकेच्या सॉफ्टबॉल संघाने सगळ्या स्पर्धेत मिळून ५१ धावा केल्या होत्या आणि फक्त एक दिली होती, याची त्यावेळी भरपूर चर्चा झाली. (गंमत बघा : वगळल्यावर २००८ ला जी शेवटची स्पर्धा झाली, तिच्या अंतिम सामन्यात जपानने अमेरिकेला ३-१ हरवलं. तोवर निर्णय होऊन गेला होता.) खो-खोला ऑलिम्पिकपर्यंत न्यायची इच्छा आपले लोक उघड बोलून दाखवतात. तेव्हा एकतर्फी निकालाचं वाचन हा फावल्या वेळातला प्रश्न नाही. उद्या कुणीतरी टेबलावर १७५-१८ ठेवणार आहे.

आधी आकडा तुलनेलायक करा

खो-खोतला १५७ गुणांचा फरक आणि हॉकीतला १८ गोलांचा फरक शेजारी ठेवता येत नाही, हे सांगायला पीएचडी लागत नाही. पण मग ठेवायचं काय? सगळ्यात सोपा उपाय : एकूण गुणांपैकी विजेत्याचा वाटा. १७५-१८ मध्ये एकूण गुण १९३, त्यातला भारताचा वाटा सुमारे ९१ टक्के. अंतिम सामन्यात एकूण ११८, वाटा ६६ टक्के. आता १९९० चा हॉकीचा अंतिम सामना घ्या : ५-२, म्हणजे सातातले पाच, ७१ टक्के. म्हणजे या मोजमापाने दिल्लीतला ७८-४० हा निकाल ओटावातल्या ५-२ पेक्षा जास्त चुरशीचा ठरतो! ३८ गुणांचा फरक तीन गोलांच्या फरकापेक्षा लहान.

पटतंय? पूर्ण पटायला नको. या मापाचं दुखणं लगेच दिसेल. हॉकीत १-० ने जिंकलात तरी वाटा १०० टक्के, आणि १८-० ने जिंकलात तरी १०० टक्केच. सप्टेंबर २००८ मध्ये ऑलिम्पिकच्या प्राथमिक पात्रता फेरीत स्लोवाकियाच्या महिलांनी बल्गेरियाला ८२-० हरवलं. साठ मिनिटांत ८२, म्हणजे दर ४४ सेकंदांनी एक गोल. आपलं माप म्हणतं, की हा सामना आणि १-० चा सामना सारखाच. कमी गुणांच्या खेळात हे माप बिनकामाचं होतं, जास्त गुणांच्या खेळात बरं चालतं. दोन्ही खेळांवर एकसारखं चालेल असं माप निवडलं आणि ते कुठे मोडतं ते लिहिलं नाही, तर परीक्षक व्हायवात पहिला प्रश्न तोच विचारतील. आणि विचारायलाच हवा.

खो-खोचं अजून एक वेगळेपण आहे, ते खेळलेल्यांना सांगायला नको. गुण प्रामुख्याने आक्रमण करणारा संघ मिळवतो. विश्वचषकात सात-सात मिनिटांचे चार टर्न होते, दोन तुमचे आक्रमणाचे, दोन समोरच्यांचे. बचाव करणाऱ्यांची एक तुकडी बाद झाली की लगेच दुसरी आत येते, त्यामुळे नवखा संघ असेल तर गुणांना वरची मर्यादाच राहत नाही. अंतिम सामन्यात दोन टर्ननंतर ३५-२४ होतं, तिसऱ्यानंतर ७३-२४, शेवटी ७८-४०. तिसऱ्या टर्ननंतर टीव्ही लावणाऱ्याला वाटलं असेल, नेपाळ पार झोपला. पण तो टर्न आपल्या आक्रमणाचाच होता. आकडा कोणत्या क्षणी घेतला हेही त्याच्या अर्थाचा भाग असतं.

त्याच स्लोवाकियाची पुढची गोष्ट. २००८ ला ८२-० जिंकणारा हा संघ दीड वर्षात कॅनडाकडून ०-१८ हरला. मग कॅनडाने बल्गेरियाला शंभर गोलांनी हरवलं असतं का? असं बेरीज-वजाबाकी करून चालत नाही. ठरावीक मर्यादेपलीकडे निकाल फक्त ‘फार मोठा फरक’ एवढंच सांगतो, किती मोठा ते सांगायचं त्याचं सामर्थ्य संपलेलं असतं. सोन्याच्या काट्यावर उसाची मोळी ठेवली तर काटा खाली टेकतो. मोळी किती किलोची ते त्यातून कळत नाही.

जोड कोणी लावली?

आता मूळ मुद्द्यावर येते. माझं गाव कुंडल. पलूस तालुका, किर्लोस्करवाडी स्टेशनाजवळ. बाहेरच्यांना प्रतिसरकारमुळे माहीत असतं आणि कुस्तीवाल्यांना मैदानामुळे. आमच्या भागात कुस्ती ‘होत’ नाही, कुस्ती ‘नेमतात’. या पैलवानाला कोण, त्याला कोण, हे जाणकार मंडळी बसून ठरवतात. मोठ्या कुस्त्या आधी ठरून पत्रकावर येतात. लहान पोरांच्या जोडी अनेक मैदानांत तिथल्या तिथे लावतात, अंगाने आणि वजनाने बघून, कुठल्या तालमीचा, आधी कुणाबरोबर लढलाय हे विचारून. चांगली जोड लागली तर ती ‘काटा जोड’. वाईट लागली, खडाखडी व्हायच्या आत पोरगं चितपट झालं, तर प्रेक्षक पडलेल्या पोराला दोष देत नाहीत. ‘कुणी लावली रं ही जोड?’ असं विचारतात.

हा प्रश्न संशोधनाच्या भाषेत लिहायचा तर : सामन्याचा निकाल दोन गोष्टी एकत्र मोजतो. एक, त्या खेळातल्या संघांमधलं खरं अंतर. दोन, त्यातल्या कुणाला कुणासमोर उभं केलं. अंतर तेच राहून नुसती जोडणी बदलली तरी निकाल बदलतात. म्हणून निकाल बदलले एवढ्यावरून अंतर कमी झालं असं म्हणता येत नाही. पुस्तकांत याला कन्फाउंडिंग म्हणतात : दोन कारणं एकमेकांत अशी गुंतलेली असतात, की परिणाम कुणाचा ते सांगता येत नाही.

हे खरंच घडलं, आणि इतकं स्वच्छ घडलं की वर्गात शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला अजून मिळालेलं नाही.

२०१० ला व्हँकुव्हरमध्ये आठ संघांचे दोन गट होते आणि दोन्ही गटांत बलवान आणि दुबळे मिसळलेले होते. कॅनडाचे पाच निकाल : स्लोवाकिया १८-०, स्वित्झर्लंड १०-१, स्वीडन १३-१, फिनलंड ५-०, अमेरिका २-०. फरक लिहून काढा : १८, ९, १२, ५, २. चढत्या क्रमाने लावून मधला आकडा घ्या, तो मध्यक. ९ आला. (सरासरी का नाही? एखादा १८ किंवा ८२ सरासरीला ओढून नेतो, मध्यकाला तेवढा नाही.)

रोग यांच्या बोलण्यानंतर आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाने जी पावलं उचलली त्यातलं एक म्हणजे स्पर्धेची रचनाच बदलली. २०१२ च्या जागतिक स्पर्धेपासून वरचे चार मानांकित संघ एका गटात आणि खालचे चार दुसऱ्यात. वरच्या गटातले पहिले दोन थेट उपांत्य फेरीत, उरलेल्या दोघांनी खालच्या गटातल्या पहिल्या दोघांशी खेळायचं. म्हणजे सरळ सांगायचं तर, पंचांनी जोडी नव्याने लावल्या. २०१४ च्या सोची ऑलिम्पिकमध्येही हीच रचना होती. तिथे कॅनडाचे निकाल : स्वित्झर्लंड ५-०, फिनलंड ३-०, अमेरिका ३-२, उपांत्य फेरीत पुन्हा स्वित्झर्लंड ३-१, अंतिम सामन्यात पुन्हा अमेरिका ३-२. फरक : ५, ३, १, २, १. मध्यक २.

नऊवरून दोनवर. चार वर्षांत. बातमी लिहायची असती तर मथळा तयार होता : ‘महिला आइस हॉकीतली दरी मिटली’. पण तुम्ही कुंडलचा प्रश्न विचारा. जोड कुणी लावली? सोचीत कॅनडाला स्लोवाकियासारखा संघ भेटलाच नाही. जपान, जर्मनी, रशिया, स्वीडन, सगळे दुसऱ्या गटात होते आणि कॅनडाचा त्यांच्याशी एकही सामना झाला नाही. दरी मिटली का, हे सोचीचे आकडे सांगूच शकत नाहीत, कारण दरीच्या पलीकडच्या काठावर कुणाला उभंच केलं नव्हतं.

इथे बहुतेक जण थांबतात : ‘म्हणजे सुधारणा झालीच नाही, सगळा रचनेचा खेळ.’ हाही तितकाच उतावळा निष्कर्ष. आपल्याकडे दोन गुंतलेली कारणं आहेत. एक पकडून ठेवायचं आणि दुसरं हलतं का बघायचं. पकडायचं कसं? दोन्ही स्पर्धांत समान असलेले प्रतिस्पर्धीच घ्या. स्वित्झर्लंड, फिनलंड, अमेरिका. २०१० चे फरक ९, ५, २, मध्यक ५. २०१४ मध्ये हेच तीन देश, पाच सामने, मध्यक २. म्हणजे प्रतिस्पर्धी तेच धरले तरी फरक पाचवरून दोनवर आला. नऊवरून दोनवर आल्याचं जे दिसत होतं, त्यातला बराच भाग नव्या जोडणीचा होता, पण सगळा नाही. काहीतरी खरं बदलल्यासारखं दिसतं. स्वित्झर्लंडने तर त्या स्पर्धेत कांस्यपदक मिळवलं.

आता मी आनंदाने इथेच थांबले असते, पण २०२२ आहे. बीजिंग ऑलिम्पिकमध्ये वरच्या गटात पाच संघ होते. कॅनडाने स्वित्झर्लंडला १२-१, फिनलंडला ११-१, रशियाच्या खेळाडूंच्या संघाला ६-१, अमेरिकेला ४-२ हरवलं. पुढे स्वीडन ११-०, पुन्हा स्वित्झर्लंड १०-३, आणि अंतिम सामन्यात अमेरिका ३-२. सात सामन्यांत ५७ गोल. समान प्रतिस्पर्धी घ्या, तेच तीन देश : फरक ११, १०, २, ७, १. मध्यक ७. म्हणजे २०१० च्या पाचापेक्षाही जास्त!

यावरून ‘दरी पुन्हा वाढली’ म्हणायचं का? पाच सामन्यांवर कुठलाच मध्यक जड वजन उचलू शकत नाही. शिवाय ती कोविडमधली स्पर्धा होती. कॅनडा आणि रशियाचा सामना तर चाचण्यांचे अहवाल न आल्याने उशिरा सुरू झाला आणि खेळाडू मास्क लावून खेळल्या. तयारीला कुणाला किती बर्फ मिळाला हे देशागणिक वेगळं होतं. आणि एकच जोडी धरली तरी आकडे कसे उड्या मारतात ते बघा. कॅनडा-फिनलंड : १९९० ला ६-५. २०१० ला ५-०. २०१९ च्या जागतिक स्पर्धेत, फिनलंडमधल्या एस्पो शहरात, उपांत्य फेरीत फिनलंडने कॅनडाला ४-२ हरवलं. १९९० पासून २०१७ पर्यंतचा प्रत्येक अंतिम सामना कॅनडा आणि अमेरिका यांच्यातच झाला होता, तो क्रम त्या दिवशी तुटला. अंतिम सामन्यात फिनलंड पेनल्टी शॉट्सवर अमेरिकेकडून हरलं. आणि तीन वर्षांनी ११-१. यातला कुठला एक निकाल ‘फिनलंडचा खरा दर्जा’ आहे? कुठलाच नाही. दर्जा हा निकालांच्या पसाऱ्यातून अंदाजाने काढायचा असतो, त्यातला एक निकाल उचलून नाही.

‘बायकांचा खेळ म्हणून’

एक गृहीतक कुणी कागदावर लिहीत नाही पण बोलण्यात सतत असतं : महिलांचे खेळ एकतर्फीच असतात. तपासायला सोपं आहे, आणि तपासायलाच हवं. पुरुषांचा आइस हॉकी बघा. १९२४ च्या शामोनी ऑलिम्पिकमध्ये कॅनडाने चेकोस्लोवाकियाला ३०-०, स्वीडनला २२-०, स्वित्झर्लंडला ३३-०, ब्रिटनला १९-२ आणि अमेरिकेला ६-१ हरवलं. पाच सामन्यांत ११० गोल केले, तीन दिले. पुरुषांना कुणी म्हटलं नाही, की सुधारा नाहीतर बाहेर काढू. पुढे १९३६ ला ब्रिटनने सुवर्ण जिंकलं (त्या संघातले बरेच जण कॅनडात खेळूनच तयार झाले होते, तो भाग निराळा) आणि १९५४ ला सोव्हिएत संघ पहिल्याच फटक्यात जगज्जेता झाला.

इथे तुलनेची जागा महत्त्वाची आहे. २०१० चा महिला हॉकी आणि २०१० चा पुरुष हॉकी शेजारी ठेवले तर महिला मागे दिसतात. पण महिलांची अधिकृत जागतिक स्पर्धा १९९० ची आणि ऑलिम्पिक प्रवेश १९९८ चा. स्पर्धेचं वय सारखं धरून तुलना करायची, कॅलेंडरचं वर्ष सारखं धरून नाही. मग महिलांचा १९९० हा पुरुषांच्या १९२४ शेजारी बसतो, आणि १८-० हे ३३-० च्या शेजारी. कुठलं चित्र जास्त वाईट, तुम्हीच ठरवा.

दुसरा चल, म्हणजे खेळणाऱ्यांची संख्या. कॅनडात नोंदणी झालेल्या महिला खेळाडू दहा-हजारांच्या हिशेबात मोजाव्या लागतात. व्हँकुव्हरच्या वेळी स्लोवाकियात त्या काही शेच होत्या. काही शेंमधून निवडलेला संघ आणि हजारोंमधून निवडलेला संघ. निकाल काय लागायचा तो लागला.

आणि आपल्याला ही बाजू आतून माहीत आहे, कारण आइस हॉकीत आपण स्लोवाकियाच्याही खूप खाली आहोत. भारताच्या महिला संघात बहुतेक मुली लडाखच्या आहेत. नैसर्गिक बर्फ थंडीतले दोन-अडीच महिने, तोही गोठलेल्या तळ्यांवर. त्यांनी आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पहिलं पाऊल २०१६ ला तैपेईमध्ये ठेवलं आणि मार खाल्ला. २०१७ ला बँकॉकमध्ये फिलिपिन्सला ४-३ हरवून पहिला विजय मिळवला. २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐन इथे झालेल्या आशिया चषकात कांस्यपदक आणलं. एका वर्षात सगळे सामने हरणाऱ्या मुली पुढच्याच वर्षी ४-३ जिंकतात आणि आठ वर्षांनी पदक आणतात, हे कसं दिसलं आपल्याला? कारण त्यांना त्यांच्या तोलाच्या संघांबरोबर खेळायला स्पर्धा होती. आशियातल्या नवख्या देशांसाठी नेमलेली जोड होती ती. याच मुली थेट कॅनडासमोर उभ्या केल्या असत्या तर २०१६ लाही शून्य आणि २०२५ लाही शून्य. सुधारणा झाली असती, पण मोजता आली नसती. काटा दोन्ही वेळा खाली टेकला असता.

म्हणजे जोडणी ही फक्त मोजणीतली अडचण नाही. काय दिसू शकतं आणि काय दिसूच शकत नाही, हे तीच ठरवते. (संशोधन पद्धतीच्या पुस्तकात ‘साधनाची संवेदनशीलता’ असं एक रुक्ष प्रकरण असतं. ते वाचताना या मुली आठवा, प्रकरण बरं वाटेल.)

मग खो-खोचं काय?

भारताचे सहा फरक पुन्हा बघा : १५७, ८४, ८०, ९३, ५०, ३८. गटातले तीन, मग बाद फेरीतले तीन. शेवटाकडे अंतर उतरत जातंय, कारण बाद फेरी स्वतःच जोड लावते. दुबळे गळतात, तोलाचे उरतात. ‘समोर कोणी नव्हतंच’ म्हणणाऱ्याने पहिला आकडा उचललाय, शेवटचा नाही. उलट ‘नेपाळने झुंज दिली, म्हणजे सगळं ठीक’ म्हणणाऱ्याने फक्त शेवटचा उचललाय. दोघांनाही आकडे मिळाले, दोघांनीही सोयीने निवडले.

याहून मोठी त्रुटी मात्र माझ्या या लेखातही आहे तशी ठेवली आहे, कारण तुम्हाला ती पकडता आली पाहिजे. मी सगळीकडे फक्त विजेत्याचे सामने घेतले. कॅनडाचे, भारताचे. १९ संघांच्या स्पर्धेत भारताचे सामने सहा. बाकी सगळे सामने इतरांनी एकमेकांशी खेळले. खेळ जागतिक झालाय का, याचं उत्तर मुख्यतः त्या सामन्यांत आहे. मलेशिया आणि इराण यांच्यात काय झालं, दक्षिण आफ्रिका कुणाकुणाला किती फरकाने हरवून उपांत्य फेरीत आली. पहिला आणि शेवटचा यांच्यातलं अंतर प्रचंड असूनही मधले दहा-बारा संघ एकमेकांना घासून खेळत असतील, तर तो खेळ जिवंत आहे. आणि मधलेही एकमेकांना शंभर-शंभर गुणांनी हरवत असतील तर गोष्ट वेगळी. विजेत्याकडे बघून हे कधीच कळणार नाही.

कुणाला यावर लघुप्रबंध करायचा असेल तर सुरुवात इथून करा, अगदी साधी. स्पर्धेतले सगळे सामने एका एक्सेल शीटमध्ये भरा : दोन्ही संघ, दोघांचे गुण, फेरी, गट, पहिलं आक्रमण कुणाचं. पुढच्या स्पर्धेचं शीट त्याच रकान्यांत. मग दोन्हीकडे समान असलेल्या जोड्या वेगळ्या काढा आणि त्यांचे फरक स्वतंत्रपणे मांडा. गट कसे पाडले होते, मानांकन कशावरून दिलं होतं, हे स्पर्धेच्या नियमपत्रिकेतून आधी लिहून ठेवा. निकाल बघितल्यावर नाही. आरआरसीसमोर ‘महिला खो-खोतील स्पर्धात्मकतेचा अभ्यास’ असं गोल शीर्षक घेऊन गेलात तर परत पाठवतील. ‘पहिल्या दोन विश्वचषकांतील समान प्रतिस्पर्ध्यांमधील गुणफरक’ असं काही घेऊन गेलात तर निदान बसायला सांगतील.

जोडीला एक प्रश्न शीटच्या बाहेरचा ठेवा, कारण तो आकड्यांत मावत नाही. कोरियाच्या ज्या मुलींनी दिल्लीत १७५ गुण खाल्ले, त्यातल्या किती जणी पुढच्या वेळी परत येतात? हरून परत येणारा संघ आणि हरून पांगलेला संघ यांचा पहिल्या वर्षीचा निकाल एकसारखाच दिसतो. १९९० ला १८-० हरलेलं जपान बीजिंगमध्ये स्वीडनला ३-१ हरवून खालच्या गटात पहिलं आलं.